ह्युगा की इझुमो? १/७०० मध्ये जपानी हेलिकॉप्टरवाहू नौका निवडताना

१/७०० च्या मापात, म्हणजे मूळ नौकेच्या सातशेव्या भागाएवढं, आजच्या जपानच्या हेलिकॉप्टरवाहू नौकेचं मॉडेल बांधायचं म्हटलं की निवड दोन नावांवर येऊन ठेपते: ह्युगा आणि इझुमो. मी दोन्ही बांधल्या आहेत. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण इझुमोच्या बाजूनेही बोलण्यासारखं बरंच आहे, तेव्हा तिच्यापासूनच सुरुवात करतो.

इझुमो पूर्ण झाली की फळीवर भाव खाऊन जाते. मूळ नौका २४८ मीटरची, म्हणजे मॉडेल ३५ सेंटिमीटरच्या वर जातं. ह्युगा जेमतेम २८ सेंटिमीटर भरते. शेजारी कोणतीही विनाशिका ठेवा, इझुमोपुढे ती होडीसारखी दिसते. बांधकामही तुलनेने सरळ आहे. डेक मोठा आणि मोकळा, शस्त्रं मोजकी: जवळ आलेली क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या दोन फॅलँक्स तोफा, त्याच कामाचे दोन सीरॅम क्षेपणास्त्र-प्रक्षेपक, बस्स. ही नौका स्वतः फारसं लढण्यासाठी बांधलेलीच नाही. भोवतीच्या विनाशिकांनी तिचं रक्षण करायचं आणि तिने हेलिकॉप्टरं, ट्रक, इंधन, रुग्णालय असं सगळं पोटात घेऊन चालायचं. मागची लिफ्ट डेकच्या मधोमध न ठेवता उजव्या कडेला काढली आहे. कडेच्या लिफ्टची एक बाजू उघडी राहते, त्यामुळे लिफ्टच्या मापापेक्षा लांब विमानाची शेपटी बाहेर काढून ठेवता येते. तो तुकडा चिकटवताना माझ्या मनात आलं होतं की हे नुसत्या हेलिकॉप्टरांसाठी नसावं.

ह्युगाची गोष्ट वेगळी. ती २००९ साली सेवेत आली, तिची बहीण इसे २०११ मध्ये. लांबी १९७ मीटर, दोन्ही लिफ्ट डेकच्या आतच. मात्र डेकच्या मागच्या टोकाला उजवीकडे उभ्या प्रक्षेपकाची, म्हणजे क्षेपणास्त्रं सरळ वर सोडणाऱ्या कप्प्यांची, सोळा झाकणं आहेत. या मापात एकेक झाकण मिलिमीटरभराचं. त्यांच्या फटींत पातळ काळा रंग सोडला, वरून कोरडा ब्रश हलकेच फिरवला की सोळाच्या सोळा चौकोन उठून दिसतात. संपूर्ण मॉडेलवर मला सर्वांत आवडणारी जागा हीच. विमानविरोधी क्षेपणास्त्रं आणि पाणबुडीवर सोडायचे रॉकेट-टॉर्पेडो, दोन्ही याच झाकणांखाली. शिवाय दोन्ही बाजूंना टॉर्पेडोच्या तिहेरी नळ्या आहेत. थोडक्यात, पाणबुड्या शोधायच्या, हेलिकॉप्टरं पाठवून त्यांना घेरायचं आणि वेळ आली तर स्वतःही मारा करायचा, असं तिचं काम ठरलेलं आहे. ते काम मॉडेलवर नजर टाकताच कळतं.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला ती सांगतो. इझुमो बांधायला घेतली की पहिला प्रश्न रंगाचा येत नाही, सालाचा येतो. मार्च २०१५ मध्ये सेवेत आलेली इझुमो म्हणजे हेलिकॉप्टरांसाठी आखलेला डेक. डिसेंबर २०१८ मध्ये जपान सरकारने तिच्यावरून एफ-३५बी, म्हणजे छोट्या धावेत उडणारी आणि उभी उतरणारी लढाऊ विमानं, उडवण्याचं ठरवलं. मग डेकवर उष्णतारोधक लेप आला, डाव्या बाजूने लांब पिवळी रेघ आली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकी मरीन दलाची एफ-३५बी विमानं तिच्यावर उतरली. तिची बहीण कागा तर नाकापासून बदलली: पुढे निमुळता होत गेलेला डेक आता चौकोनी झाला आहे, आणि २०२४ च्या शरद ऋतूत सॅन दिएगोजवळच्या समुद्रात तिच्यावरही एफ-३५बीच्या चाचण्या झाल्या. इझुमोचं नाकही त्याच वाटेवर आहे.

बांधणाऱ्यासाठी याचा अर्थ असा: बॉक्समधले डेकॅल (मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणा) एका सालचे, तुमच्याजवळचे फोटो दुसऱ्या सालचे आणि मनातली नौका तिसऱ्याच सालची. माझी इझुमो २०१५ ची आहे. तिच्या डेकवर सुटी आणलेली एफ-३५बी ठेवून पाहिली, तर पिवळ्या रेघेविना ती उपरी वाटत राहिली. रेघ रंगवायची तर टेप लावून ३५ सेंटिमीटरच्या डेकवर ती सरळ ओढायची, आणि खालच्या पांढऱ्या खुणांना धक्का लागू द्यायचा नाही. पांढऱ्या खुणा मी फार मेहनतीने बसवल्या होत्या, म्हणून ते केलं नाही. पण पाहताना ती उणीव दर वेळी जाणवते. कदाचित दुसऱ्या कुणाला याचा त्रास होणारही नाही.

खरं तर नाविकदृष्ट्या इझुमोचं महत्त्व याच बदलत्या डेकमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या युद्धनौकेवर पंख असलेलं लढाऊ विमान नव्हतं. हल्ल्यासाठीची विमानवाहू नौका बाळगायची नाही ही भूमिका सरकारने दशकानुदशकं सांभाळली आणि आजही विमानं गरजेपुरतीच चढवू असं ते म्हणतं. नैऋत्येकडे तैवानच्या दिशेने पसरत गेलेल्या बेटांच्या माळेत मोठ्या धावपट्ट्या मोजक्या आहेत. तिथे समुद्रातच धावपट्टी हाताशी असणं किती मोलाचं, हे नकाशा उघडला की समजतं. तुम्हाला हा इतिहास घडतानाच मॉडेलमध्ये पकडायचा असेल, तर इझुमो किंवा कागाच घ्या. फक्त बॉक्स उघडण्यापूर्वी साल ठरवा आणि फोटोही त्याच सालचे जमवा.

बाकी कुणालाही, विशेषतः पहिल्यांदाच आधुनिक जपानी नौका बांधणाऱ्याला, मी ह्युगा सुचवेन. तिचा डेक घरात बांधून संपेपर्यंत जपानमध्ये बदलत नाही. देखावा मांडायलाही तिच्यापाशी भरपूर आहे. २०१६ च्या कुमामोतो भूकंपात पंखे वळवून हेलिकॉप्टरसारखी उभी उतरणारी अमेरिकी ऑस्प्रे विमानं तिच्यावर उतरून मदतसाहित्य नेत होती; एक ऑस्प्रे आणि दोन-तीन एसएच-६०के हेलिकॉप्टरं ठेवली की तो प्रसंग उभा राहतो. त्याच वर्षीच्या भारत, अमेरिका आणि जपानच्या मलबार नौदल सरावात ती आपल्या नौकांबरोबर होती, आणि त्यांत माझगाव डॉकमध्ये बांधलेली आयएनएस सह्याद्रीही होती. सह्याद्रीचं मॉडेल त्याच मापात मिळवणं अवघड आहे, मिळालं तर ह्युगाच्या डावीकडे ठेवा. उजवीकडून ती सोळा झाकणं दिसली पाहिजेत.