एमबीएच्या अर्जातला स्पेशलायझेशनचा रकाना: कुठे किती जड?

रकाना एकच, पण प्रत्येक संस्थेत त्याचं वजन वेगळं.

अंधेरीच्या एसपीजेआयएमआरच्या पीजीडीएमला, म्हणजे एमबीएच्या तोडीच्या डिप्लोमाला, तो सर्वात जड. फायनान्स, मार्केटिंग, ऑपरेशन्स की इन्फर्मेशन मॅनेजमेंट, हे अर्जातच सांगायचं आणि प्रोफाइलही त्याच नजरेने तपासलं जाणार. दोन वर्षं कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंग केलेल्या इंजिनिअरने पॅकेज ऐकून फायनान्सवर टिक केली, तर मुलाखतीत ‘का?’ हा प्रश्न ठरलेलाच. सीएफए या गुंतवणूक-विश्लेषणाच्या परीक्षेची नुसती नोंदणी तिथे पुरत नाही. लेव्हल वन पास असेल किंवा प्लांटच्या कॉस्टिंगवर काम केलेलं दाखवता आलं, तर बोलणं पुढे सरकतं. शिवाय फायनान्स म्हणजे नेमकं काय? बँकेतलं क्रेडिट, इक्विटी रिसर्च की कंपनीची ट्रेझरी? तिन्ही कामं वेगळी. यातलं एक नाव घेऊन दोन वाक्यं बोलता येत नसतील, तर या माणसाने ऑपरेशन्सच भरावं. फॉर्म डोकं खातो खरा, पण आधीच विचार करायला लावतो, म्हणून आमची पसंती त्यालाच.

चर्चगेटच्या जमनालाल बजाजमध्ये अगदी उलट. सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेनंतर कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, ऑप्शन फॉर्मात संस्थांचा क्रम लावायचा. एमएमएसचं, म्हणजे तिथल्या एमबीएसारख्या पदवीचं, स्पेशलायझेशन दुसऱ्या वर्षी. ज्यांचं काहीच ठरलेलं नाही त्यांना हे सोयीचं. मात्र तिथलाच एमएससी फायनान्स हा वेगळा कोर्स आहे, त्याची एमएमएसशी गल्लत नको.

विलेपार्ल्याच्या एनएमआयएमएसमध्येही एचआरचा एमबीए स्वतंत्र आहे, म्हणजे तो निर्णयही अर्जाच्या वेळीच.

मुंबईत बसून अमेरिकेचे अर्ज भरणाऱ्यांची धास्ती बहुतेक वेळा अनाठायी असते. तिथल्या बऱ्याच बिझनेस स्कूलमध्ये हा रकाना फक्त कल विचारतो, नंतर बदलता येतो. हार्वर्डच्या एमबीएत तर मेजर हा प्रकारच नाही. खरी मेख आय-२० वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावर, छापल्या जाणाऱ्या सीआयपी कोडमध्ये, म्हणजे अभ्यासक्रमाच्या सरकारी वर्गीकरणाच्या क्रमांकात. 52.1301, म्हणजे मॅनेजमेंट सायन्स, स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणिताच्या यादीत) बसतो, 52.0201, म्हणजे साधं बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, बसत नाही. ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करण्याची परवानगी, दोघांनाही 12 महिने, पण वरचे 24 महिने फक्त स्टेमवाल्यांना. काही ठिकाणी हा कोड कॉन्सन्ट्रेशननुसार बदलतो. त्यामुळे डिपॉझिट भरण्याआधी अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेल करून विचारा: या कॉन्सन्ट्रेशनला आय-२० वर कोणता कोड येतो, आणि पुढे बदललं तर तो टिकतो का?