राज्य मंडळ की सीबीएसई? पुस्तक कोण ठरवतं ते आधी बघा

शाळेच्या इमारतीपेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

राज्य मंडळाच्या शाळांचा अभ्यासक्रम पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आखते, पुस्तकं १९६७ साली स्थापन झालेली बालभारती काढते आणि परीक्षा राज्य मंडळ घेतं. सीबीएसईत पुस्तकं एनसीईआरटी या केंद्राच्या संस्थेची, जी १९६१ साली स्थापन झाली.

फरक दहावीच्या गणितात लगेच दिसतो. राज्य मंडळात बीजगणित आणि भूमिती असे ४०-४० गुणांचे दोन पेपर, वर २० अंतर्गत. सीबीएसईत एकच ८० गुणांचा पेपर, पण बेसिक (सोपी पातळी) की स्टँडर्ड (नेहमीची) हे आधी निवडावं लागतं. इथेच घाई नडते: पुढे गणित घ्यायचं असेल तर स्टँडर्डच घ्या.

खर्चाचं म्हणाल तर दोन्हीकडची सरकारी पुस्तकं स्वस्त आणि पीडीएफ फुकट. बिल फुगतं ते शाळेने लादलेल्या खासगी पुस्तकांनी. प्रवेशाआधी पुस्तकांची यादी मागाच.

मराठी सुटेल म्हणून कुणी सीबीएसई घेत असेल, तर २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. आणि ती असायलाच हवी.

बदलीची नोकरी असेल किंवा नीट, जेईई या राष्ट्रीय प्रवेश परीक्षांचा विचार पक्का असेल, तर सीबीएसई. मुलाला मराठी माध्यमात शिकवायचं असेल, किंवा राज्यातच राहून एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेने अभियांत्रिकीला जायचं असेल, तर राज्य मंडळ. त्या परीक्षेत राज्य मंडळाच्या बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के वजन आहे, अकरावीला २०.