रायफलीच्या दुरुस्तीत माझे १८,५०० रुपये गेले, तुम्ही तरी सावध राहा

बाबांची रायफल ईशापूरच्या सरकारी कारखान्याची, ३१५ बोअरची. सांगाडा लष्कराच्या जुन्या ३०३ रायफलीचाच. काटोलकडच्या शेतासाठी पीकसंरक्षणाचा परवाना होता, बाबा गेल्यावर तो रीतसर माझ्या नावावर झाला. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, खाचेत हलत होती आणि लाकूड रिसीव्हरपाशी, म्हणजे बोल्ट बसतो त्या लोखंडी भागापाशी, सैल पडलं होतं. आपल्याकडचा मे महिना, पारा ४५ च्या वर. वर्षानुवर्षं पेटीत पडलेलं लाकूड आकसणारच. या रायफलीत गोळी सुटल्याचा धक्का पुढच्या लाकडावर येतो. ते सैल झालं की दर गोळीला सांगाडा सरकतो, मग नेम कसला लागतो!

मावसभावाच्या ओळखीने शहरातल्या एका दुकानात गेलो. भिंतीवर परवाना फ्रेम करून लावलेला. तो विक्रीचा की दुरुस्तीचा, हे मी वाचलं नाही. तुम्ही वाचा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो.

आता जे आठवून आजही जीव जळतो ते सांगतो. मिस्त्रीने माझ्या हातून रायफल घेतली आणि बोल्ट उघडून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, पाहिलंच नाही. बंदूक हातात आल्यावर आधी ती रिकामी आहे का हे न बघणारा माणूस कसला मिस्त्री? मग पुढच्या स्क्रूला पेचकस लावला तो बारीक. घसरला. स्क्रूच्या खाचेची कड माझ्या डोळ्यांदेखत उचकटली, पांढरं लोखंड दिसलं. तेव्हाच रायफल उचलून घरी यायला हवं होतं. पण भाऊ शेजारी उभा, त्याची ओळख, कसं बोलणार? तुम्ही असता तर तुम्हीही गप्प बसला असता.

"काहून टेन्शन घेऊन राहिले भाऊ, डेपोतला ओरिजिनल पार्ट लावून देतो." आधी ८,५०० घेतले. आठ दिवसांनी 'पार्ट कोलकात्याहून आला' म्हणून ६,२००. नेताना 'लाकूड नवीन बसवलं' म्हणून ३,८००. सगळे यूपीआयने, आणि नाव दुकानाचं नाही, भलत्याच कोणाचं. पावती मागितली तर "रजिस्टरात लिहिलं ना". शस्त्र ताब्यात देताना त्याच्या नंबरासकट सही-शिक्क्याची पावती घ्या, नाहीतर देऊच नका.

कामठीच्या एका निवृत्त आर्मोररना, म्हणजे हत्यारांची देखभाल करणाऱ्या कारागिरांना, रायफल दाखवली. त्यांनी अंगठ्याने माशी ढकलली, ती सरकली. खाचेच्या दोन्ही कडांवर पंचचे ठोके आणि मध्ये एम-सील. लाकूडही जुनंच, आतून तेच एम-सील भरलेलं. "जवसाचं कच्चं तेल पाजून, लाकडाचा तुकडा बसवून नीट होण्यासारखं होतं," म्हणाले. जवस आमच्याच शेतात पिकतो! दुरुस्तीला मात्र त्यांनी हात लावला नाही, परवाना नाही म्हणून. याला म्हणतात जाणकार.

तक्रारीला ठाण्यात गेलो. दोन तास बसवून ठेवलं. "पैशाचा व्यवहार आहे, सायबरला जा." सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्हीच दिले, हे आमचं नाही. परवान्याच्या टेबलावर तर मलाच उलटा प्रश्न: "परवाना न बघता हत्यार दिलंच कसं? तुमच्यावरच कारवाई होईल." म्हणजे लुटला गेलो मी आणि आरोपीही मीच! चार चकरा, प्रत्येक वेळी अर्ज नव्याने लिहा, साहेब बंदोबस्तात. दुकानात जाऊन रजिस्टर तपासायला एकाही माणसाला वेळ नाही. त्या दुकानात अजून लोक रायफली देतच असतील.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. तिथेही अर्ज टाकलाय. यूपीआयचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, मी दोन घालवले. आणि काढलेला जुना पार्ट त्याच दिवशी परत मागा. बाबांनी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलेली मूळ माशी त्याच्याकडेच राहिली आहे, आणि आता तो फोन उचलत नाही.