घोडीवर रात्री लक्ष: कॅमेरा की सेन्सर?

घोडीचे दिवस साधारण ३४० भरतात आणि ती विते बहुधा रात्रीच. पाणमोट फुटल्यावर शिंगरू २० ते ३० मिनिटांत बाहेर येतं, म्हणून वेळेवर जाग येणं महत्त्वाचं.

मोरखीला (घोडीच्या तोंडावरच्या पट्ट्यांना) लावायचा सेन्सर घोडी कुशीवर आडवी पडली की फोन वाजवतो. झोप लागली तरी तो उठवतो, हा त्याचा मोठा गुण. पण घोडी नुसती गाढ झोपली तरी तो वाजतो आणि एखादी उभ्यानेच व्यायली तर गप्प राहतो.

कॅमेरा स्वतःहून सहसा उठवत नाही, पण दाखवतो बरंच. विण्याची वेळ जवळ आल्याची खूण म्हणजे सडांवर आलेलं मेणासारखं चिकट, ते मात्र संध्याकाळी हातात बॅटरी घेऊनच बघावं. विताना पांढुरक्या पिशवीऐवजी मखमली लाल पिशवी दिसली तर वार (पोटात शिंगराला पोसणारं आवरण) शिंगराआधीच सुटलेली असते. तेव्हा डॉक्टरांची वाट न बघता ती लगेच फाडावी लागते, आणि हे सेन्सर सांगणार नाही.

पोटशुळासाठी मी डोळे झाकून कॅमेरा घेईन. शूळ आधी खुणांतून बोलतो: पुढच्या पायाने जमीन उकरणं, वळून कुशीकडे बघणं, वरचा ओठ मुडपणं, चारा तसाच, लीद कमी. लोळण पुढची. सकाळी मागचं चित्रण पाहिलं की शेवटची लीद कधी पडली तेही कळतं. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

गाभण घोडीला शेवटच्या महिन्यात दोन्ही लावा. एकच परवडत असेल तर कॅमेरा घ्या, आणि दर तासाचा गजर लावा.