आलेखातल्या बारला रेघा माराव्या की करडा रंग भरावा?

आमच्या गावातल्या कापूस, सोयाबीन अन् तुरीच्या पेऱ्याचा बार चार्ट 'आर' (आकडेमोड अन् आलेखांची संगणक भाषा) मध्ये दोन्ही प्रकारे काढून पाहिला. करडा रंग सोपा, ग्रे फंक्शनला 0 दिलं की काळा, 1 दिलं की पांढरा, मधात काहीही द्या, स्क्रीनवर एकदम साफ दिसते. पण तालुक्याला झेरॉक्स मारली तर 0.5 अन् 0.6 सारखेच आले, आता सोयाबीन कोणतं अन् तूर कोणती हे शेतकऱ्याला कसं कळणार सांगा.

रेघांचं तसं नाही. बारप्लॉटमध्ये, म्हणजे 'आर'च्या बार काढायच्या फंक्शनमध्ये, डेन्सिटी म्हणजे एका इंचात किती रेघा, अँगल म्हणजे त्यांचा तिरपेपणा, काही नाही सांगितलं तर 45 अंश. मी कापसाला 10 अन् 45, तुरीला 25 अन् 135 दिलं, सोयाबीनला डेन्सिटी 0 म्हणजे बार कोरा, झेरॉक्सची झेरॉक्स काढली तरी पीक ओळखू येते! फक्त लेजंड, म्हणजे कोणता बार कोणत्या पिकाचा हे सांगणारी चौकट, वेगळं टाकत असाल तर तिथंही हेच आकडे द्या लागतात.

ग्रामसभेत कागद वाटायचा तर मी रेघाच घेतो. व्हॉट्सॲपवर मात्र करडाच बरा, छोट्या फोटोत दाट रेघा एकमेकीत मिसळून जातात.