काशीचे ‘व्हीआयपी पास’ आणि आमचे १,३१,९१६ रुपये

काशीयात्रेच्या नावाखाली आमच्या घरातून १,३१,९१६ रुपये गेले. त्यातले ८३,००० सहली काढणाऱ्या एका एजंटने सरळ खिशात घातले आणि ४८,९१६ त्याच्यामुळे आम्हाला वाराणसीत वरून भरावे लागले. पावत्या, स्क्रीनशॉट, हॉटेलची बिलं सगळं जपून ठेवलंय. प्रकरण ग्राहक आयोगात आहे म्हणून त्याचं नाव लिहीत नाही. लालबाग, परळ, दादर या पट्ट्यातली भजनी मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ आणि सोसायट्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप इथे तो वावरतो, एवढं मात्र सांगते.

‘एवढी शिकलेली माणसं तुम्ही, चौकशी नाही केलीत?’ असं नातेवाईक तोंडावर विचारतात. केली होती चौकशी. आमच्या मजल्यावरच्या काकू त्याच्याबरोबर अष्टविनायकाला जाऊन आल्या होत्या, मंडळातल्या बायका पंढरपूरला. सगळं व्यवस्थित, जेवणखाण उत्तम. ही माणसं आधी छोट्या सहली चोख करून दाखवतात, हे आता कळतंय. स्टेशनबाहेर त्याचा गाळा होता, बाहेर बोर्ड होता, आत विठ्ठलाचा मोठा फोटो होता. सासूबाईंना ‘आजी’ म्हणून वाकून नमस्कार करायचा. सासूबाई ७८ वर्षांच्या. काशी बघायची हे त्यांचं सासरे होते तेव्हापासूनचं मनात होतं. सासूबाई, हे, मी आणि वन्सं, असे चौघे. माणशी १८,५००, म्हणजे ७४,०००. जाण्यायेण्याची रेल्वे, तीन रात्री हॉटेल, सारनाथ, रामनगरचा किल्ला, बोटीतून ८४ घाट.

आगाऊ २०,००० गाळ्यावर दिले, त्याची पावती आहे. उरलेले ५४,००० देताना जे झालं ते आठवलं की अजूनही झोप उडते.

त्याने क्यूआर पाठवला. ह्यांनी स्कॅन केला तर स्क्रीनवर भलत्याच माणसाचं नाव. ना बोर्डावरचं नाव, ना त्याचं स्वतःचं. हे म्हणाले, अगं हे कोण? मी लगेच फोन लावला. म्हणाला, “ताई, कंपनीच्या खात्याची आजची लिमिट संपली, हे मेहुण्याचं खातं आहे. आत्ता पाठवलेत तर तिकिटं आत्ता काढतो, नंतर वेटिंग जाईल.” ह्यांनी पिन टाकला. ती दोन मिनिटं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. फोन ह्यांच्या हातात, ते नाव ठळक अक्षरांत समोर, आणि मीच म्हणतेय, पाठवा पाठवा. पण मला सांगा, मुंबईत भाजीवाल्यापासून मेडिकलवाल्यापर्यंत कोणाच्या क्यूआरवर दुकानाचं नाव येतं? कुठे बायकोचं, कुठे भावाचं, कुठे गावच्या काकाचं. रोज तसेच पैसे देतो आपण. त्याच सवयीवर हे लोक जगतात. म्हणून पाच-दहा हजारांच्या वरची रक्कम पावतीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात टाका, आणि ‘लिमिट संपली’ म्हणाला तर उद्या देतो म्हणा.

दहा मिनिटांत जाण्याची तिकिटं आली, कन्फर्म. महानगरी एक्स्प्रेस सीएसएमटीहून रात्री बारानंतर सुटते, त्यामुळे लोक तारखेत गोंधळतात आणि एक दिवस उशिरा स्टेशनवर पोचतात. हा घोळ होऊ नये म्हणून त्याने आवर्जून फोन करून समजावलं. असल्या माणसावर संशय कसा घ्यायचा?

निघायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा फोन. विश्वनाथाला प्रचंड गर्दी आहे, आजींना रांगेत उभं राहवणार नाही, व्हीआयपी दर्शन पास माणशी १,५००. गंगा आरतीचा प्रवेश आणि राखीव बोट, माणशी ७५०. म्हणजे ६,००० आणि ३,०००. सासूबाईंचे गुडघे पाहता नाही कसं म्हणणार? दिले.

आता नीट वाचा, कारण हे जाण्याआधी कोणी सांगितलं असतं तर ९,००० वाचले असते. दशाश्वमेध घाटावरच्या संध्याकाळच्या आरतीला प्रवेशाचं तिकीट नसतं. पायऱ्यांवर जाऊन बसायचं आणि बघायचं, बस्स. बोटीतून बघायची असेल तर बोटवाल्याशी तिथेच ठरवायचं. विश्वनाथाचं दर्शनही साध्या रांगेतून फुकट आहे. पैसे भरून लवकर दर्शन हवं असेल तर मंदिर न्यासाचं ‘सुगम दर्शन’ आहे, त्याचं तिकीट न्यासाच्या संकेतस्थळावर किंवा तिथल्या मदत केंद्रावर काढायचं. मधल्या माणसाची गरजच नाही. अस्सीपासून चालत निघालात तर वाटेतले घाट, अहिल्याबाईंचा घाट, नागपूरकर भोसल्यांचा घाट, मणिकर्णिकेजवळचं ते कललेलं रत्नेश्वर मंदिर, यांतलं काहीही बघायला कोणी तिकीट फाडत नाही. काशीत जे बघायला जायचं त्यातलं बहुतेक नदीकाठी उघड्यावर आहे, आणि हे चोर तेच आपल्याला विकतात.

आमचे ‘पास’ म्हणजे रंगीत कागद. शिखराचा फोटो, गोल शिक्का, ‘चार व्यक्ती’. नाव नाही, वेळ नाही, ओळखपत्राचा क्रमांक नाही. गेटवरच्या शिपायाने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “माताजी, ये यहाँ का नहीं है.” मागे एवढी रांग, सगळ्यांच्या नजरा आमच्यावर. ह्यांची मान खाली गेली ती मला बघवली नाही. शेवटी सासूबाई साध्या रांगेतूनच गेल्या, वन्सं आणि मी दोन्ही बाजूंनी धरून. दर्शन झालं. धामाच्या आवारात अहिल्याबाईंचा पुतळा आहे, त्यांनीच १७८० साली हे मंदिर पुन्हा उभारलं. त्यांच्यासमोर सासूबाई बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. तेवढंच काय ते समाधान. (मोबाईल आत नेऊ देत नाहीत. बाहेरचे दुकानदार ‘लॉकर फ्री’ म्हणून ओढतात आणि प्रसादाची टोपली गळ्यात मारतात. मंदिराची लॉकरची सोय आहे, ती विचारा.)

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलवाला दारात. पैसे एकाच रात्रीचे आलेत म्हणाला. दोन खोल्या, २,४०० प्रमाणे आणखी दोन रात्री, ९,६०० मोजले. एजंटचा फोन बंद. तिथे भेटणार होता तो ‘आपला माणूस’ कधी उगवलाच नाही. बोट १,६००. सारनाथ आणि रामनगरला स्वतःच्या खर्चाने गाडी, १,९००.

सारनाथचा तर मला सगळ्यात जास्त संताप आहे. हे महापालिकेच्या शाळेत इतिहास शिकवायचे. राजमुद्रेवरचे सिंह ज्या अशोकस्तंभाचे, ते मूळ शीर्ष सारनाथच्या संग्रहालयात आहे. आयुष्यभर मुलांना फळ्यावर काढून दाखवलं, ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. कार्यक्रमपत्रिकेत सारनाथ शुक्रवारी. आणि संग्रहालय शुक्रवारीच बंद असतं! धामेक स्तूप पाहिला, बंद दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. दुसऱ्या दिवशी जायला ना बळ होतं ना पैशांचा धीर. ज्याने कधी कोणाला तिथे नेलंय त्याला हा वार माहीत नसेल का? एजंटने कागदावर लिहिलेल्या प्रत्येक ठिकाणाचा सुट्टीचा वार स्वतः शोधा. तो चुकीचा असेल तर समजा, हा माणूस तिथे कधी गेलेलाच नाही.

परतीची तिकिटं ‘चार्ट लागला की कन्फर्म होतील’ म्हणून दिलेली. झाली नाहीत. ऑनलाइन तिकीट पूर्ण वेटिंगवर राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, गाडीत चढता येत नाही, आणि परतावा ज्याने तिकीट काढलं त्याच्या खात्यात जातो. म्हणजे ते पैसेही त्याच्याच घशात. सासूबाईंना घेऊन जनरलच्या डब्यात चढणं शक्य नव्हतं. विमानाची चार तिकिटं, ३५,८१६.

आणि मग सुरू झाली दारोदार. वाराणसीत पोलिसांना सांगितलं तर ‘पैसे मुंबईत दिले ना, मुंबईत तक्रार करा’. मुंबईत आलो तर आमच्या भागातल्या ठाण्यात साहेब म्हणतात, “प्रकार तिकडे घडला, तिकडचं प्रकरण आहे.” मी म्हटलं, भारतीय नागरी सुरक्षा संहितेचं कलम १७३ आहे, गुन्हा कुठेही घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. तर माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच गुन्हा केलाय. मग म्हणे हा दिवाणी वाद आहे. मग म्हणे, “मॅडम, तुम्ही जाऊन आलात ना काशीला? एक रात्र राहिलात ना? मग फसवणूक कसली?” खोटा पास छापून विकणं फसवणूक नाही? ७८ वर्षांच्या बाईला परक्या गावात अडकवणं फसवणूक नाही? तास तास बाकावर बसवून शेवटी नुसता अर्ज घेतला, एफआयआर नाहीच. पोच द्यायलाही कुरकुर. बँकेत गेले तर तिथली मुलगी म्हणते, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार अधिकृत आहे. गाळ्याचा मालक म्हणतो, भाडेकरू गेला, पत्ता माहीत नाही, आणि कराराची प्रत दाखवायला तयार नाही. त्याला विचारायचं कोणी? पोलिसांनीच ना? ते म्हणतात, तुम्ही माहिती आणा. मग त्यांचं काम काय?

फसवणुकीत पैसे ऑनलाइन गेलेत हे कळल्या क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम रोखता येते. आम्हाला कळेपर्यंत महिना उलटला होता. ग्राहक आयोगात मात्र आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मी स्वतः कागद लावून दाखल केली आहे. त्याच्याकडून फसलेलं आणखी कोणी असेल तर पावत्या घेऊन पुढे या, लाजू नका. लाज त्याला वाटायला हवी.

त्याची जाहिरात पुन्हा फिरतेय, नव्या नावाने, या वेळी चारधामची. खाली तोच विठ्ठलाचा फोटो आहे. तुमच्या ग्रुपवर आली तर एक रुपयाही देण्याआधी परतीच्या तिकिटाचा पीएनआर मागा, स्वतः तपासा, आणि वेटिंग दिसलं तर तिथेच नाही म्हणा.