क्ले, कणीक की शाडू? घरात मुलांना रमवण्यासाठी

जुलैचा पाऊस तीन दिवस थांबलेला नाही, खाली खेळायला सोडता येत नाही आणि चार वर्षांचं मूल सकाळपासून ‘आता काय करू?’ म्हणत मागे मागे फिरतंय. अशा वेळी हाताला काहीतरी मळायला-थापायला दिलं की मूल रमतं, हे सगळ्याच आईबापांना ठाऊक असतं. प्रश्न उरतो तो काय द्यायचं, याचा. आमच्या घरी दोन पावसाळ्यांत तिन्ही झालं: दुकानातला रंगीत क्ले, घरी शिजवलेली कणीक आणि शाडूची माती. मोठी लेक आता सहा वर्षांची आहे, धाकटा साडेतीनचा. जे लिहितोय ते या दोघांवरून. तुमच्या घरी थोडं वेगळं होऊ शकेल.

क्लेची सोय नाकारता येत नाही. डबी उघडली की खेळ सुरू, हात फारसे माखत नाहीत आणि रंग बघूनच मूल खूश होतं. फक्त घेताना तो कुठल्या जातीचा आहे ते बघा. तेलातला क्ले वाळत नाही, पण भिंतीला लागला की तेलकट डाग राहतो. हलका, फोमसारखा असतो तो एकदा वाळला की पुन्हा मऊ होत नाही. तिसरा पिठातला. प्ले-डो त्यातलाच. अमेरिकेत भिंतीवरच्या कागदाची काजळी पुसायला जो लगदा विकायचे, तोच 1956 मध्ये मुलांचं खेळणं म्हणून बाजारात आला. त्यात गहू असतो, म्हणजे तो आणि आपली घरची कणीक चुलत भावंडंच. मुलाला गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर हे दोन्ही बाजूला ठेवावेत.

मला खटकलं ते मात्र वेगळंच, आणि माझा निकाल त्यावरच लागला.

लेकीला बारा रंगांचा डबा आणला होता. पहिल्याच दिवशी तिने निळ्याचा मासा केला आणि त्याला पिवळे डोळे लावले. मासा मोडला तेव्हा डोळे निळ्यातच राहिले. मी नखाने ते पिवळे कण टोकरत बसलो. दुसऱ्या दिवशी लाल हिरव्यात गेला, तिसऱ्या दिवशी पांढऱ्याचं झाकण उघडं राहिलं. दर दोन मिनिटांनी माझ्या तोंडून ‘अगं, ते दोन एकत्र नको करू’, ‘आधी झाकण लाव’ असं निघत होतं. आठवड्याभरात सगळ्याचा मिळून एक राखाडी-तपकिरी गोळा झाला. त्या गोळ्याचं तिला काहीच वाटत नव्हतं, वाटत होतं ते माझ्या बोलण्याचं. मग एकदा दोन हातांत दोन रंग धरून तिने विचारलं, ‘बाबा, हे चिकटवलं तर चालेल?’ मूल खेळण्याआधी परवानगी मागायला लागलं होतं. हे मला फार लागलं. शिवाय मुलांनी आपापलं रमावं म्हणून आणलेल्या वस्तूपाशी मीच पहारा देत बसलो होतो.

कणकेत ही कटकट निम्मी होते, कारण बिघडली तरी जीव हळहळत नाही. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल, थोडा लिंबाचा रस आणि दीडेक वाटी उकळतं पाणी; मंद आचेवर हलवत राहायचं आणि गोळा कढईपासून सुटला की उतरवायचा. रंगाला हळद किंवा बिटाचा रस. लहान हातांना हिच्याइतकं मऊ दुसरं काही नाही. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर मी हीच देईन, तीही समोर बसून, कारण एवढं मीठ पोटात जाणं बरं नाही. पण ऐन पावसाळ्यात, जेव्हा सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हाच मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि गोळा चिकट होऊन बोटांना लोंबतो. आमच्या आईला वाट्या-वाट्यांनी पीठ खेळात घालवणंही पटत नाही आणि तिचं म्हणणं मला मान्य आहे. पोळ्या लाटताना पोरांना लिंबाएवढा गोळा द्यावा, त्याची चिमणी व्हावी, ती तव्याच्या कडेला भाजावी, एवढ्यासाठी कणीक उत्तम. तासाभराच्या खेळाला ती पुरत नाही.

शाडूकडे मी शेवटी वळलो, तोही भीत भीत. घर बरबटेल असंच वाटत होतं. गणपतीच्या आधी ही माती कोरड्या पावडरीच्या पिशवीत सहज मिळते, एरवी मूर्तिकाराकडे मागावी. पाणी थोडं थोडं घालत मळायची आणि रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी ती लोण्यासारखी होते.

पहिल्या दिवशी जुनी चादर अंथरली, दोघांपुढे एकेक परात, नारळाएवढा गोळा आणि वाटीत पाणी ठेवलं. माती गार आणि जड. क्लेसारखी लगेच दबत नाही, तळहाताची ताकद लावावी लागते. धाकट्याने अर्धा तास फक्त बोटं खुपसली आणि त्या भोकांत पाणी भरलं. लेकीने बैल करायला घेतला. सांगलीकडे आमच्या गावी बेंदराला मातीचे बैल पूजतात, ते तिने पाहिले होते. पाय पोटाला नुसते टेकवले तर गळून पडतात. दोन्हीकडे काडीने ओरखडे काढायचे, पाण्याचं बोट फिरवायचं आणि मग दाबायचं, एवढं मी एकदा दाखवलं. नंतर तासभर मला कुणी हाक मारली नाही. रंग एकच, त्यामुळे बिघडण्यासारखं काही नव्हतं आणि मला टोकायलाही काही नव्हतं.

त्रास आहे, नाही असं नाही. सांडलेली माती वाळली की पांढरी धूळ होते. ती झाडूने उडवू नका, श्वासात जाते. ओल्या फडक्यानेच पुसा. माखलेले हात सिंकमध्ये तर मुळीच धुऊ नका, माती तळाशी बसून पाइप तुंबतो. बादलीत धुवायचे, रात्रभर गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी झाडांना घालायचं आणि खालची माती परत गोळ्यात. कपड्यांवरची माती साध्या धुण्यात निघते, हळदीच्या कणकेचं तसं नाही. घरात रांगतं बाळ असेल किंवा आवरायला दहा मिनिटंही हाताशी नसतील, तर क्ले घ्या, त्यात चुकीचं काही नाही. फक्त एकच रंग घ्या, असं सुचवेन.

एक गोष्ट मला उशिरा कळली. केलेल्या वस्तू पुन्हा भिजवायच्या असतील तर आधी खडखडीत वाळू द्या. अर्धवट ओला गोळा पाण्यात दोन दिवस तसाच बसून राहतो, कोरडा मात्र पटकन विरघळतो. लेकीचा बैल आठवडाभर खिडकीत होता, शिंगाला तडा गेला तेव्हा तिने स्वतःच तो पाण्यात सोडला. बैलाच्या अंगातून बारीक बुडबुडे निघाले, आधी कान गेले, मग पाठ पापुद्र्यांनी सुटत गेली. दोघं बादलीच्या काठाला हनुवटी टेकून बघत होती. बैल तळाशी बसल्यावर धाकटा म्हणाला, ‘ताई, अजून एक टाक ना.’